आवाजाला जाडी लागते

"पीस खराब आलाय." नवा टीव्ही भिंतीवर चढतो, चित्र बघून सगळे खूश होतात आणि दोन-तीन दिवसांत घरात एकच प्रश्न फिरायला लागतो, "काय म्हणाला तो?" आवाज वाढवावा तर पुढच्याच क्षणी पार्श्वसंगीत अंगावर येतं, कमी करावा तर पडद्यावरची माणसं पुटपुटायला लागतात. मग तक्रार नोंदवली जाते, कंपनीचा माणूस येतो, थोडा वेळ ऐकतो, "आवाज बरोबर आहे" म्हणतो आणि जातो. लोकांना वाटतं, त्याने टाळलं. बहुतेक वेळा तो खरंच सांगत असतो. स्पीकर जसा बनवला आहे तसाच वाजतोय, आणि बदलून आणलेला दुसरा टीव्हीही तसाच वाजेल.

असं का होतं ते समजून घ्यायचं तर रिमोट हातात घेण्याआधी हवेकडे बघावं लागतं. हा विषय मला फार जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

शाळेत असताना मी एका बंद पडलेल्या रेडिओतला स्पीकर सोडवून काढला होता. दोन तारा जोडून तो चालू रेडिओला लावला आणि हातात धरला. आवाज आला, पण पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. गाण्यातला ठेका कळत होता, घुमारा अजिबात नव्हता. मग एका मोठ्या खोक्याच्या पुठ्ठ्याला स्पीकरच्या मापाचं भोक पाडलं आणि स्पीकर त्या भोकावर दाबून धरला. त्याच स्पीकरमधून, त्याच तारांवरून, एकदम भरदार आवाज यायला लागला. पुठ्ठ्याचा विजेशी काही संबंध नव्हता. तो नुसता मध्ये आला होता. कुणाच्या मध्ये, हे कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

स्पीकरचा कागदी शंकू पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. स्पीकर उघडा असेल तर पुढची दाबलेली हवा कडेवरून वळसा घालून मागे पळते आणि तिथली पोकळी भरून काढते. दोन्ही बाजूंचा हिशेब तिथल्या तिथे मिटतो, तुमच्या कानापर्यंत काही पोचतच नाही. पण हे सगळ्याच स्वरांना होत नाही. १०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा थरथरणाऱ्या स्वरात शंकूला पुढे जाऊन मागे फिरायला सेकंदाचा २००वा भाग लागतो. तेवढ्या वेळात ध्वनी सुमारे १.७ मीटर जातो, म्हणजे दहा सेंटिमीटरच्या स्पीकरला वळसा घालायला त्याच्याकडे वेळच वेळ असतो. ३००० हर्ट्झला तोच वेळ इतका कमी असतो की ध्वनी जेमतेम पावणेसहा सेंटिमीटर जातो. वळसा पुरा होण्याआधी शंकू उलटा फिरलेला असतो. म्हणून उघड्या स्पीकरमधून किरकिर ऐकू येते आणि खर्ज गायब होतो. माझा पुठ्ठा त्या वळशाच्या मध्ये आला होता.

स्पीकरला पेटी लागते ती या कारणाने. मागची हवा कोंडून टाकायची, म्हणजे ती पुढच्या हवेला भेटणार नाही. आता टीव्हीकडे बघा. त्याची जाडी किती, आणि त्यातून स्क्रीन, सर्किट आणि वीजपुरवठ्याची जागा वजा केली तर आवाजाच्या वाट्याला किती हवा उरते? बहुतेक वेळा पाव-अर्धा लिटर.

"मग काय झालं? आतला स्पीकर पण छोटाच आहे की." हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि त्याच्या उत्तरात या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट आहे.

१९२५ साली जनरल इलेक्ट्रिकमधल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी आजच्या स्पीकरची मांडणी जगापुढे ठेवली. चुंबकाच्या फटीत तारेची एक हलकी कॉइल, कॉइलला चिकटलेला शंकू, आणि शंकूला सैलसर धरून ठेवणारी कड. कॉइलमधून वीजप्रवाह गेला की तिच्यावर बल लागतं आणि शंकू हलतो. यातलं खरं मर्म असं की कानावर येणारा दाब शंकू किती सरकला यावर ठरत नाही, त्याचा वेगही ठरवत नाही, ठरवतं ते त्याचं त्वरण. आणि त्वरण म्हणजे बल भागिले वस्तुमान, हे आपण शाळेतच शिकलो. कॉइलवरचं बल प्रवाहावर अवलंबून, शंकूचं वस्तुमान ठरलेलं. म्हणजे प्रवाह तेवढाच ठेवला तर स्वर जाड असो की बारीक, त्वरण तेवढंच आणि आवाजही तेवढाच. एकच शंकू खालचे-वरचे इतके सगळे स्वर सारख्या जोराने कसा वाजवतो, याचं उत्तर इतकं साधं आहे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वही मिटून बराच वेळ नुसता बसून राहिलो होतो.

पण या देणगीची किंमत मोजावी लागते, आणि तीही शाळेतल्याच सूत्रात लपलेली आहे. त्वरण ठरलेलं असेल तर कापलेलं अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. स्वर निम्म्यावर आणला की शंकूला एका दिशेने जायला दुप्पट वेळ मिळतो, म्हणजे त्याला चौपट सरकावं लागतं. १००० हर्ट्झवरून ५० हर्ट्झवर या. वेळ वीसपट, सरकणं चारशेपट. आवाज तेवढाच.

आता प्रत्यक्ष आकडे घालून बघू. भिंतीवरचा टीव्ही, तुम्ही तीन मीटरवर बसलेले, आणि तुमच्यापर्यंत ५० हर्ट्झचा स्वर ८० डेसिबल इतका, म्हणजे चांगला जोरात, पोचवायचा आहे. हिशेब केला तर प्रत्येक फेरीत सुमारे ४५ घन सेंटिमीटर हवा पुढे आणि तेवढीच मागे ढकलावी लागते. टीव्हीतला लांबट स्पीकर समजा अडीच सेंटिमीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर लांब आहे. कोपऱ्यांची गोलाई सोडली तर क्षेत्रफळ साधारण २० चौरस सेंटिमीटर. तो दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटर हलला तर दोन घन सेंटिमीटर हवा सरकते. असे दोन स्पीकर, म्हणजे चार. हवेत ४५, मिळतात ४. खोलीच्या भिंती खर्जाला थोडा हातभार लावतात हे धरूनही ही दरी बुजत नाही. तेच १००० हर्ट्झला ८० डेसिबल हवे असतील तर या दोन स्पीकरना पाव मिलिमीटरही हलावं लागत नाही, केसाच्या जाडीपेक्षा कमी हालचाल पुरते.

आणि एक मिलिमीटर तरी सुखाने हलू द्यावं ना त्याला! पेटीतली हवा ते होऊ देत नाही. कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते, आणि पेटी जितकी लहान तितकी स्प्रिंग कडक. ३०० घन सेंटिमीटरच्या पेटीत शंकूने दोन घन सेंटिमीटर आत दाबले की आतला दाब असा वाढतो की शंकूच्या पाठीवर सुमारे दोनशे ग्रॅम वजनाइतका जोर येतो. तो शंकू स्वतः दोन-तीन ग्रॅमचाही नसतो. मग राइस आणि केलॉग यांचं ते सुंदर गणित कोलमडतं. बल आता शंकूला त्वरण द्यायला उरत नाही, हवेची स्प्रिंग दाबण्यातच संपतं. एका ठरावीक स्वराच्या खाली आवाज उतरंडीवरून घसरल्यासारखा खाली येतो, स्वर निम्मा झाला की १२ डेसिबलने कमी.

ही स्प्रिंग शत्रूच असते असं नाही. १९५४ साली एडगर विल्चर या अमेरिकी संशोधकाने मुद्दाम बंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंग म्हणून वापरलं आणि तोवरच्या अवाढव्य पेट्यांच्या मानाने छोट्या पेटीतून स्वच्छ खर्ज काढून दाखवला. पण त्याची 'छोटी' पेटीसुद्धा आजच्या टीव्हीतल्या पेटीच्या कितीतरी पट मोठी होती, आणि तिला वाजवायला वीजही जास्त लागायची. पेटीचा लहान आकार, खोल खर्ज आणि कमी विजेत मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच एका वेळी मिळतात. या क्षेत्रातले लोक याला हॉफमनचा पोलादी नियम म्हणतात, आणि आजवर कुणाला तो मोडता आलेला नाही.

जुन्या टीव्हीला ही हवा फुकटात मिळाली होती. चित्रनळीच्या मानेतून निघालेला इलेक्ट्रॉनांचा झोत पुढच्या संपूर्ण काचेवर फिरवायचा तर मागे अंतर लागायचं, म्हणून खोका खोल असायचा. आवाजासाठी त्याला कुणी खोल केलं नव्हतं. शिवाय स्क्रीनच्या कडेला चांगली रुंद पट्टी असायची आणि स्पीकर तिथून थेट तुमच्याकडे तोंड करून बसायचा. आता कड उरलेली नाही. स्पीकर खालच्या बाजूला तोंड करून बसवतात, नाहीतर मागे भिंतीकडे.

इथे जाणता वाचक मला अडवेल. खर्ज गेला तर गाण्याचं नुकसान, पण बोलणं का कळू नये? जुन्या फोनवर तर फक्त ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जायचा आणि तरी आपल्याला प्रत्येक शब्द कळायचा. पुरुषाच्या आवाजाचा पाया १००-१५० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे त्या फोनवरून तो पोचायचाच नाही, तरीही पुरुषाचा आवाज पुरुषाचाच वाटायचा. वरच्या पट्टीतल्या स्वरांमधलं अंतर मोजून मेंदू नसलेला पाया स्वतः उभा करतो. टीव्ही बनवणारेही मेंदूच्या या सवयीचा उपयोग करून घेतात. नसलेल्या खर्जाच्या वरच्या स्वरपट्ट्या मुद्दाम मिसळतात आणि खर्ज असल्याचा भास देतात.

आक्षेप अगदी रास्त आहे. बोलणं कळणं हे व्यंजनांवर अवलंबून असतं. ताप, काप, साप, शाप, थाप. या सगळ्यांची शेपटी एकच, फरक फक्त पहिल्या क्षणभराच्या फुंकरीत किंवा स्फोटात. स्वर दणदणीत असतात आणि खालच्या पट्टीत असतात. व्यंजनं अशक्त, क्षणिक आणि बहुतांशी २००० हर्ट्झच्या वर. सात आणि साठ यांतला फरक तर एका पापणीच्या लवण्याइतकाही नसतो. या उंच पट्टीतल्या लहरी दहा-पंधरा सेंटिमीटर लांबीच्या किंवा त्याहून लहान असतात आणि त्या प्रकाशासारख्या सरळ जायला बघतात, कोपरे वळून येत नाहीत. स्पीकरचं तोंड खाली असेल तर त्या आधी टेबलावर आपटतात, मग खिडकीच्या पडद्यावर, मग सोफ्यावर, आणि उरलंसुरलं तुमच्याकडे येतं. खर्ज मात्र सगळीकडून वळून येतो, असेल तेवढा.

दुसरं नुकसान त्या एकट्या शंकूत होतं. स्फोटाचा आवाज आला की तो शंकू हालचालीच्या टोकापर्यंत ताणला जातो. टोकाला कॉइल चुंबकाच्या फटीतून बाहेर सरकते, कड ताठ होते, बल कमी पडतं. त्याच शंकूवर त्याच वेळी कुणाचा तरी 'स' आणि 'त' स्वार झालेला असतो. खर्जाच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर त्या नाजूक व्यंजनांचा गळा दाबला जातो आणि सुटतो. ऐकणाऱ्याला ते घोगरं, फाटलेलं वाटतं.

आणि तिसरं आपल्याच कानात. आतल्या कानातली गोगलगायीच्या शंखासारखी नळी दाराशी उंच स्वर ओळखते आणि आत टोकाला खालचे. बाहेरून आलेली खर्जाची लहर आपल्या जागी पोचायला उंच स्वरांच्या अंगणातूनच जाते आणि जाता जाता ते तुडवते. या लहरीचा प्रवास उलगडल्याबद्दल गेऑर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ चं नोबेल मिळालं. खालचा स्वर वरच्या स्वराला सहज झाकतो, वरचा खालच्याला तितका झाकत नाही, ही एकतर्फी गोष्ट प्रत्येकाच्या कानात घडते. वयपरत्वे उंच स्वरांची बाजू आधी कमजोर होते. त्यामुळे घरातलं एखादं वडीलधारं माणूस "आवाज येतो, शब्द कळत नाहीत" म्हणत असेल तर ते शब्दशः खरं असतं. त्यांना गप्प करू नका.

हे सगळं एकदा पटलं की आपण सहसा जे करतो ते नेमकं उलटं आहे हे लक्षात येतं. आवाज पोकळ वाटला की आपण 'बास' वाढवतो. टीव्हीच्या अंगच्या स्पीकरला बास कमी करा. दोन-चार पायऱ्या खाली आणा आणि बोलण्याचा प्रसंग पुन्हा ऐका. जी हवा ढकलता येणारच नाही ती ढकलण्याची धडपड थांबली की शंकू मोकळा होतो आणि व्यंजनं वर येतात. आवाज अंगाने बारीक होईल, पण शब्द कळतील. सेटिंगमध्ये 'क्लिअर व्हॉइस', 'स्पीच' किंवा 'न्यूज' अशा नावाचा पर्याय असतो, तो साधारण हेच करतो आणि वर मधल्या-उंच पट्टीला थोडी उचल देतो. 'सराउंड' असं काही चालू असेल तर बंद करा. दोन स्पीकरमधून चहूबाजूंचा भास निर्माण करण्यासाठी तो डाव्या-उजव्या आवाजाच्या वेळा मागेपुढे करतो आणि मधोमध असलेलं बोलणं त्यात पसरट होतं.

चित्रपटांच्या बाबतीत आणखी एक गुंता असतो. मूळ ध्वनी बऱ्याचदा सहा वाटांनी येतो आणि त्यातली मधली वाट जवळजवळ संपूर्णपणे संवादांसाठी राखलेली असते. टीव्हीकडे मधला स्पीकरच नाही. मग संवाद ३ डेसिबलने उतरवून डाव्या-उजव्यात मिसळले जातात, जिथे संगीत, पाऊस, गाड्या आधीच गर्दी करून असतात. ॲपमध्ये किंवा सेट-टॉप बॉक्समध्ये ध्वनीसाठी 'स्टिरिओ' निवडता येत असेल तर निवडून बघा. दोन वाटांसाठी वेगळं मिश्रण उपलब्ध असेल तर ते मिळतं आणि फरक लगेच कळतो. 'नाइट मोड' मोठ्या आणि लहान आवाजांमधलं अंतर कमी करतो. सिनेमागृहाच्या शांततेसाठी ठेवलेली कुजबुज घरातल्या पंख्याच्या आवाजात बुडू नये म्हणून तो दिवसाही लावायला हरकत नाही.

टीव्ही कपाटाच्या कप्प्यात असेल तर पुढे ओढून टेबलाच्या कडेशी आणा. कप्पा स्वतःच घुमतो आणि संवादांवर गढूळपणा चढवतो. भिंतीवर असेल तर सेटिंगमध्ये 'वॉल माउंट' असा पर्याय आहे का बघा. भिंत खालच्या स्वरांना पाठबळ देते, ते वजा करायची सोय त्यात असते.

आता थोडं जाहिरातींबद्दल, कारण त्यांचा मला मनापासून राग येतो. २० वॉटऐवजी ४० वॉट लिहिलं म्हणजे आवाज दुप्पट होत नाही. वीज दुप्पट केली की फक्त ३ डेसिबल वाढतात. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वीज लागते, आणि त्या विजेतली जेमतेम एक टक्का ध्वनी होते, बाकीची कॉइल तापवते. सोन्याचा मुलामा दिलेल्या महागड्या एचडीएमआय केबलने आवाज 'उबदार' होतो, ही तर निव्वळ अंधश्रद्धा. त्या केबलमधून शून्य आणि एक जातात. ते पोचतात किंवा पोचत नाहीत, उबदार होऊन पोचत नाहीत. केबलवरचा बाण कोणत्या दिशेला ठेवावा यावरही लोक वाद घालतात. आणि "दोनशे तास वाजू द्या, स्पीकर आपोआप खुलेल" हा सल्ला तुम्हाला मिळाला असेल तर एवढंच सांगतो की त्या दोनशे तासांत तुमचे कान सरावतात. स्पीकरची कड किंचित सैल होते, पण पाव लिटरच्या पेटीचा अर्धा लिटर होत नाही.

मोठमोठ्या कंपन्यांनाही हवेपुढे वाकावं लागलं आहे. २०१७ साली सोनीने एक ओलेड टीव्ही आणला, त्यात स्क्रीनच थरथरवून तिच्यातून आवाज काढला होता. कल्पना अप्रतिम. संवाद बोलणाऱ्याच्या तोंडातूनच आल्यासारखे वाटतात, व्यंजनं थेट कानावर येतात. पण त्या टीव्हीच्या मागच्या टेकूत खर्जासाठी एक वेगळा स्पीकर बसवावाच लागला.

म्हणून सेटिंग बदलूनही समाधान होत नसेल तर खरा उपाय बाहेरच्या पेटीचा. साउंडबार घ्या किंवा घरात पडून असलेले जुने स्टिरिओचे स्पीकर आणि ॲम्प्लिफायर जोडा. माझं मत विचाराल तर पुस्तकांच्या फळीवर मावतील असे दोन साधे लाकडी स्पीकर बऱ्याच बारीक साउंडबारना मागे टाकतात, कारण त्यांच्यात हवा जास्त असते. साउंडबार घेणारच असाल तर मधला, संवादांचा वेगळा स्पीकर असलेला घ्या. जोडताना टीव्हीच्या ज्या एचडीएमआय खोबणीवर 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' लिहिलंय तीच वापरा, आणि टीव्हीच्या ध्वनीच्या यादीत बाहेरचा स्पीकर निवडलाय ना ते बघा. ही खोबण चुकल्यामुळे "साउंडबार पण खराब निघाला" म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत.

ब्लूटूथने जोडू नका, निदान चित्रपटांसाठी तरी. आवाजाची पाकिटं बांधण्यात आणि सोडवण्यात वेळ जातो आणि ओठ पुढे, शब्द मागे अशी गत होते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीतले आकडे सांगतात की आवाज चित्राच्या मागे पडला तर साधारण १२५ मिलिसेकंदांनंतर तो जाणवायला लागतो, पण पुढे गेला तर ४५ मिलिसेकंदांतच. हा दुजाभाव का? कारण आपण आयुष्यभर उशिरा आलेला आवाजच ऐकत आलोय. ३४ मीटरवरचा माणूस टाळी वाजवतो तेव्हा ती दिसल्यावर १०० मिलिसेकंदांनी ऐकू येते, आधी वीज चमकते, मग गडगडाट होतो. दिसण्याआधी ऐकू आलेली टाळी निसर्गात कुठेच नसते.

तारेने जोडल्यावरही कधी कधी चित्र सजवण्यात टीव्ही रेंगाळतो आणि आवाज आधी येतो. त्यासाठी टीव्हीत किंवा साउंडबारमध्ये 'ऑडिओ डिले' किंवा 'लिप सिंक' नावाचा आकडा असतो. बातम्या वाचणारं कुणीतरी समोरून दिसत असेल असं दृश्य लावा आणि 'प', 'ब', 'म' यांच्यावर नजर ठेवा, कारण या तीन अक्षरांना ओठ पूर्ण मिटावे लागतात. आकडा थोडा थोडा वाढवत न्या. मिटलेले ओठ सुटतात त्याच क्षणी 'प' फुटला की तिथे थांबा.